यंत्राचा एक तास कितीला पडतो?

या वेळच्या पत्रांत बॅकहो आणि पोकलेन मालकांची पत्रे जास्त आहेत आणि सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी अडते : तासाचा दर. खालच्या हिशेबातले भाव उदाहरणासाठी धरलेले आहेत. डिझेल सगळीकडे ९२ रुपये लिटर धरले आहे. तुमच्या गावचे भाव घाला, पद्धत तीच राहील.

प्रश्न : बॅकहो लोडर (आमच्याकडे सरसकट जेसीबीच म्हणतात) तीन वर्षांपूर्वी घेतला. जीएसटी, नोंदणी सगळे धरून ३६ लाख पडले. ३० लाख कर्ज, साडेदहा टक्के व्याज, ४८ हप्ते, हप्ता ७६,८०० रुपये. तासाला १,३०० घेतो. दुरुस्तीला अजून वर्षाला ५० हजारांपेक्षा जास्त गेलेले नाहीत, तरी दरसाल पावणेतीन-तीन लाख उसाच्या पैशातून घालावे लागतात. मीटर आज ४,५१० तास दाखवतो, बिलबुकात ४,२९० तास आहेत. माझा दर चुकतोय का? — एक वाचक, करमाळा

उत्तर : दर थोडा कमी आहे, पण पावणेतीन लाखांचा खड्डा सगळाच दरामुळे पडलेला नाही. मीटर आणि बिलबुक असे दोन्ही आकडे तुम्ही दिलेत हे फार चांगले केले, कारण बहुतेक मालक 'दिवसाला दहा तास चालते' असे सांगतात आणि मीटर बघितला की वर्षाचे दीड हजार निघतात. तुमचेही तेच : ४,५१० भागिले ३, म्हणजे वर्षाला साधारण १,५०० तास.

आधी यंत्र बाळगण्याचा खर्च. ३६ लाखांतून चारी टायरांचे ९० हजार वजा करा. टायर डिझेलसारखेच वापरून संपतात, त्यांचा हिशेब पुढे चालवण्याच्या खर्चात येतो, इथेही धरले तर दोनदा लागतील. राहिले ३५ लाख १० हजार. सात वर्षांनी, १०,५०० तासांवर, यंत्र ११ लाखांना जाईल असे धरू. म्हणजे २४ लाख १० हजार रुपये १०,५०० तासांत झिजणार. घसारा ताशी २३०.

व्याज पूर्ण ३६ लाखांवर सात वर्षे धरायचे नसते, कारण यंत्राची किंमत दरवर्षी उतरते. सरासरी गुंतवणूक काढा : मूळ किंमत गुणिले वर्षे अधिक एक, त्यात विक्रीची किंमत गुणिले वर्षे वजा एक मिळवा, आणि वर्षांच्या दुपटीने भागा. तुमच्यासाठी ३६ × ८ अधिक ११ × ६, भागिले १४, म्हणजे २५ लाख २९ हजार. त्याचे साडेदहा टक्के २ लाख ६५ हजार ५००. भागिले १,५०० तास, ताशी १७७. स्वतःच्या खिशातल्या सहा लाखांवरही यात व्याज लागले आहे. ते लागलेच पाहिजे, ते पैसे बँकेत असते तर काही मिळवत होते. विमा, कर वगैरे वर्षाला ४५ हजार, ताशी ३०. बाळगण्याचा खर्च झाला ४३७ रुपये.

आता चालवण्याचा :

डिझेल साडेचार लिटर — ४१४
ऑइल, फिल्टर, ग्रीस — ७१
टायर — ३०
दुरुस्ती — १६०
बकेटचे दाते, पाती — २०
ऑपरेटर — २१८

एकूण ९१३. दोन्ही मिळून ताशी १,३५०.

यातले चार आकडे सोडवून सांगतो. डिझेलचा आकडा कंपनीच्या पत्रकातून घेऊ नका. सकाळी सपाट जागेवर टाकी काठोकाठ भरा, मीटर लिहून ठेवा, निदान ४०-५० तास झाले की त्याच जागेवर पुन्हा काठोकाठ भरा, दोन्हींचा भागाकार करा. उतारावर उभे करून भरले तर दहा-पंधरा लिटरचा फरक सहज पडतो आणि मग ऑपरेटरवर उगाच संशय जातो.

ऑइलचा हिशेब २,००० तासांचा धरायचा, कारण हायड्रॉलिक ऑइलची पाळी तोवर एकदा येऊन जाते. दर ५०० तासांच्या चार सर्व्हिस प्रत्येकी १२ हजार, दर १,००० तासांनी गिअर-ॲक्सल ऑइल १२ हजार प्रमाणे दोनदा, १३० लिटर हायड्रॉलिक ऑइल २२० ने २८,६०० आणि त्याचे फिल्टर ६ हजार. बेरीज १ लाख ६ हजार ६००, म्हणजे ताशी ५३. आठ तासांना अर्धा किलो ग्रीस २८० च्या भावाने, आणखी १८. ग्रीस वाचवणारा मालक हे अठरा रुपये वाचवतो आणि पिन-बुशला त्याच्या कितीतरी पट घालतो.

ऑपरेटरचा पगार २२ हजार बाराही महिने चालू असतो, पावसाळ्यात यंत्र शेडमध्ये असले तरी. वर्षाचे २ लाख ६४ हजार, त्यात २५० दिवसांचा अडीचशेप्रमाणे भत्ता ६२,५००. भागिले १,५००.

दुरुस्ती मी घसाऱ्याच्या ७० टक्के धरली आहे. आज तेवढी लागत नाही म्हणून ती नाही असे समजू नका. ४,५०० तासांवर यंत्र तरुणच असते. पंप, सिलिंडरचे सील, स्विंगचे बुश, होज पाईप हे सगळे साधारण ६,००० नंतर एकामागून एक दार ठोठावतात. १६० मधले उरलेले पैसे वेगळ्या खात्यात टाकायला हवेत.

आता तुमचा खड्डा. वर्षाला खर्च १,३५० × १,५०० म्हणजे २० लाख २५ हजार. बिले १,४३० तासांची, १,३०० ने १८ लाख ५९ हजार. खरा तोटा १ लाख ६६ हजार. हप्त्यात वर्षाला ९ लाख २१ हजार जातात, पण घसारा अधिक व्याज ६ लाख १० हजारच आहे. वरचे ३ लाख ११ हजार म्हणजे सात वर्षे चालणाऱ्या यंत्राचे पैसे तुम्ही चार वर्षांत फेडताय. उलट दुरुस्तीचे २ लाख ४० हजार धरले होते, लागले ५० हजार, म्हणून १ लाख ९० हजार हातात राहिले. १.६६ अधिक ३.११ वजा १.९०, बरोबर २ लाख ८७ हजार. उसाचे पैसे इथे गेले. त्यातले हप्त्याचे चौथ्या वर्षानंतर परत येतील, तोट्याचे येणार नाहीत.

खटकणारा आकडा दुसराच आहे. मीटर १,५००, बिल १,४३०. वर्षाला ७० तास इंजिन चालले आणि पैसे मिळाले नाहीत : एका रानातून दुसऱ्या रानात जाणे, पार्टी येईपर्यंत फुरफुरत उभे राहणे. खर्च मीटरच्या तासाचा, वसुली बिलाच्या तासाची, म्हणून बिलाचा तास १,३५० ला नाही, १,४१६ ला पडतो. त्यावर थकबाकी, फोन-पेट्रोल आणि तुमचा नफा धरला तर दर दीड हजारांच्या वर जातो. तुमच्या भागात तो मिळणार नसेल तर तास वाढवा. याच यंत्राचा तास वर्षाला २,००० तास चालवले तर सुमारे १,२५५ ला पडतो, १,००० च चालवले तर १,५४० च्या पुढे. शेजारी १,२०० ने का परवडवतो, याचे उत्तर कित्येकदा इतकेच असते. कित्येकदा असेही असते की त्याने दुरुस्ती धरलेलीच नाही.

जाता जाता : जीएसटी नोंदणी असेल आणि यंत्रावरच्या कराची वजावट घेतली असेल तर हिशेब कर सोडून उरलेल्या किमतीवर करा. डिझेल जीएसटीत नाही, त्याची वजावट मिळत नाही. आणि सीए १५ टक्क्यांनी जो घसारा लावतात तो आयकराच्या विवरणासाठी. तासाचा दर काढायला तो घेऊ नका, पहिल्या वर्षी दर अवाच्या सवा येईल.

प्रश्न : चार वर्षे झाली, हप्ते संपले. आता यंत्र फुकटात आहे, तर दर शंभर-दीडशेने उतरवून जास्त काम घ्यावे का? — एक वाचक, परतूर, जि. जालना

उत्तर : कर्ज फिटले म्हणून यंत्र फुकटात येत नाही. आज ते विकले तर किती येतील? वरच्याच यंत्राचे ६,००० तासांवर १८ लाख येतील असे धरू. आणखी ४,५०० तास चालवून ११ लाखांना विकले तर सात लाख झिजतात : ताशी १५५. अडकलेले सरासरी साडेचौदा लाख, त्यावर व्याज ताशी १०१. दोन्ही मिळून २५६, आधी ४०७ होते. दीडशे रुपये सुटले खरे. पण दुरुस्ती आता सरासरी १६० राहणार नाही, २५० धरा. उरले साठ. तेवढे उतरवा हवे तर. दीडशे उतरवले तर पुढच्या यंत्राचे पैसे वाटून टाकताय, आणि पुढचे यंत्र महाग आहे : चाकांच्या यंत्रांना १ जानेवारी २०२५ पासून स्टेज ५ ची उत्सर्जन मानके लागू झाली आहेत, इंजिनामागची धूर साफ करणारी यंत्रणा बदलली आहे.

प्रश्न : २० टनी पोकलेन बकेटवर चालवतो. आता विहिरींसाठी ब्रेकर (दगड फोडायचा हातोडा) लावायचा आहे. पार्टी म्हणते, 'नुसता ब्रेकर तर जोडायचा, दोनशे जास्त घ्या.' किती घ्यावे? — एक वाचक, संगमनेर

उत्तर : दोनशेत ब्रेकरची झीज आणि चिझेलही (दगडावर ठोकणारा दांडा) नीट निघणार नाही. (पोकलेन हे मुळात एका फ्रेंच कंपनीचे नाव. आता कुठल्याही रंगाच्या एक्स्कॅव्हेटरला आपण तेच म्हणतो, इथेही तसेच वापरतो.)

ब्रेकर साडेआठ लाखांना घेतला, ५,००० तासांनी लाखाला गेला, तर ताशी १५०. काळ्या पाषाणात २८ हजारांचे चिझेल ३५० तास टिकले तर ८०. खालचा बुश २५, सील किट आणि गॅस भरणे ३५. यापुढचा खर्च मालकांच्या लक्षातच येत नाही, तो हायड्रॉलिक ऑइलचा. ब्रेकरच्या ठोक्यांनी ऑइल तापते, बारीक कचरा त्यात येतो. सतत ब्रेकर चालणार असेल तर काही कंपन्यांच्या पुस्तकात ऑइल ६०० तासांना आणि फिल्टर १०० तासांना बदलायला सांगितले आहे. तुमच्या यंत्राचा तक्ता पाहा. २०० लिटर ऑइल २,००० ऐवजी ६०० तासांना बदलले तर ताशी ५० वाढतात, फिल्टरचे साधारण ३५. बेरीज ३७५. त्यात बूम-आर्मच्या पिना, वेल्डिंगच्या भेगा, आणि ब्रेकरवर चाललेल्या यंत्राला विकताना कमी मिळणारी किंमत याचे दीडशे. म्हणजे नफा न धरता सव्वापाचशे. पाचशेच्या खाली येऊ नका.

चिझेल ३५० ऐवजी १०० तासांत तुटत असेल तर दोष बहुतेक हाताचा असतो. एकाच जागी अर्धा मिनिट ठोकून दगड फुटला नाही तर जागा बदलायची, कडेकडून आत यायचे. ठोकत राहिले की टोक तापून नरम पडते आणि भुईछत्रासारखे पसरते. दगड फुटल्यावरही ठोका चालू राहिला तर तो हवेत बसतो, त्याचा मार ब्रेकरच्या बोल्टांवर जातो. फटीत चिझेल घालून पहारीसारखा दगड उचकटायचा नाही. हे विहिरीत हमखास होते, कारण जागा कमी आणि घाई जास्त. ग्रीस भरताना ब्रेकर उभा करून चिझेल जमिनीवर दाबून आत घ्या, मगच पंप मारा. लोंबकळत्या चिझेलला ग्रीस भरले तर ते वरच्या पोकळीत जाते, पहिल्याच ठोक्याला पिस्टन त्यावर आपटतो आणि सील जातात. दर दोन तासांनी ग्रीस, हे ऑपरेटरला घड्याळ दाखवून सांगा.

विम्याचे विसरू नका. साखळीवरच्या यंत्राला काँट्रॅक्टर्स प्लँट अँड मशिनरी ही पॉलिसी घेतात. विहिरीत यंत्र घसरले तर ती कामाची, पण पंप झिजला किंवा चिझेल तुटले तर ती काही देत नाही. ते दरातूनच निघायला हवे.

प्रश्न : मुरूम काढून टिपर भरायचे काम ब्रासवर मागतात. तासाचा दर ब्रासवर कसा बसवू? — एक वाचक, खटाव, जि. सातारा

उत्तर : आधी पार्टीला एकच विचारा : ब्रास टिपरमधला की खड्ड्यातला? यावरच भांडणे होतात.

२० टनी यंत्र, ०.९ घनमीटरची बकेट, मुरमात ९० टक्के भरते. एक फेरी २० सेकंदांची, तासाला १८०. पण तासातली ५० मिनिटेच कामाची धरा. ०.९ × ०.९ × १८० × ५० भागिले ६०, म्हणजे १२१ घनमीटर सुटा माल. ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. सुटे ४३ ब्रास झाले. मुरूम उकरला की फुगतो. २५ टक्के धरले तर खड्ड्यात मोजून ते ३४ च भरतात. यंत्राचा सगळा खर्च ताशी २,४०० असेल तर टिपरच्या मापाने ब्रासला ५६ रुपये, खड्ड्याच्या मापाने ७० पडतात. ५६ चा दर ठरवून खड्ड्यात टेप लावू दिला तर पाचवा हिस्सा गेला.

आणि हे टिपर सतत लागलेले असतील तरच. पाच ब्रासचा टिपर १८ बकेटांत, सहा मिनिटांत भरतो. पुढचा यायला चार मिनिटे लागली तर तासाला सहाच टिपर, ३० ब्रास. खर्च ब्रासला ८० वर गेला, डिझेल थोडे कमी जळेल तेवढाच दिलासा. म्हणून ब्रासवर काम घेताना टिपर कोणाचे आणि किती, हे लिहून घ्या. टिपर पार्टीचे असतील तर तासावरच घ्या. रस्ते मंत्रालयाच्या स्टँडर्ड डेटा बुकातही यंत्र ताशी दराने आणि काम घनमीटरने असते, मधली सांगड उत्पादनाच्या गृहीतावर असते. त्या गृहीताइतके टिपर तुमच्या साइटवर आहेत का, ते बघा.

प्रश्न : पार्टी डिझेल स्वतः घालते म्हणते. दरातून किती कमी करावे? — एक वाचक, गेवराई

उत्तर : मोजलेले लिटर गुणिले भाव, त्याहून एक रुपया जास्त नाही. साडेचार लिटर असेल तर ४१४. बाकीचा सगळा खर्च तुमच्याच अंगावर आहे. बॅरलमधले डिझेल आले तर तळाशी पाणी असते, आणि कॉमन रेल इंजिनाचे इंजेक्टर पाण्याने जातात. गाळणी लावून, बॅरल रात्रभर स्थिर ठेवून, तळाचे चार बोटे डिझेल सोडूनच भरा. लिटर-तासाचे प्रमाण आधीच चिठ्ठीवर लिहून सही घ्या, म्हणजे महिनाअखेरीस 'तुमचे यंत्र फार पिते' हे ऐकावे लागणार नाही.

प्रश्न : साइटवर यंत्र नेले, दोन दिवस जागेचा वाद झाला, यंत्र उभे. पार्टी म्हणते चालले नाही तर पैसे कशाचे? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : डिझेल, ऑइल, टायर, दाते, दुरुस्ती यांचे नाहीत. बाळगण्याचे आणि ऑपरेटरचे आहेत. करमाळ्याच्या बॅकहोसाठी ४३७ अधिक २१८, ताशी ६५५. पार्टी म्हणेल, चाललेच नाही तर घसारा कसला? यंत्र वयानेही उतरते, आणि ते दोन दिवस दुसऱ्याला देता आले नाही. आठ तासांच्या दिवसाला ५,२४० होतात. पाच हजारांवर तडजोड करायला हरकत नाही.

हे मागता येते ते आधी ठरले असेल तरच. कामाच्या चिठ्ठीवर तीन ओळी असू द्या : दिवसाला कमीत कमी इतके तास, उभ्या यंत्राचा दर इतका, लोबेडचे (यंत्र वाहून नेणाऱ्या बुटक्या ट्रेलरचे) पैसे वेगळे. लोबेड जाऊन-येऊन २४ हजार पडला आणि काम ४० तासांचे निघाले तर तासाला ६०० नुसते वाहतुकीचे होतात. २०० तासांच्या कामाला १२० च. छोट्या कामाला कोकणात खाली उतरायचे असेल तर लोबेड पार्टीकडून, तोही यंत्र ट्रेलरवर चढायच्या आधी.